कार्मोना: वेशीत शिरण्याआधी दफनभूमी बघा

दक्षिण स्पेनमधल्या कार्मोनाला जाणारे बहुतेकजण बसमधून उतरले की सरळ वेशीतून गावात शिरतात आणि दिवसाचं गणित तिथेच चुकतं. रोमन दफनभूमी गावाबाहेर, पश्चिमेला आहे. ती सोमवारी बंद असते आणि ऐन उन्हाळ्यात दुपारी तीनलाच दार लावते. त्यामुळे गाव बघून जेवून तिकडे वळणाऱ्यांना कुलूपच दिसतं. आधी दफनभूमी, मग वेस, मग चढ, असा क्रम ठेवा.

कार्मोना सेविया शहराहून पूर्वेला जेमतेम ३० किलोमीटर. रेल्वे नाही, एम-१२४ क्रमांकाची बस आहे, तासाभराचा रस्ता. शनिवार-रविवारी फेऱ्या कमी असतात, म्हणून परतीची वेळ जातानाच बघून घ्यावी.

दफनभूमीतली थडगी बांधलेली नाहीत, खडकात कोरलेली आहेत. वरून उभा चौकोनी आड, त्याच्या भिंतींत पाय रोवायला खाचा, खाली छोटी खोली आणि तिच्या भिंतींत ओळीने कोनाडे. इ.स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकात इथे दहन करायची रीत होती. कोनाड्यात राखेचा कलश बसायचा. १८६८ मध्ये ही जागा सापडली, पुढे जॉर्ज बॉन्सोर आणि हुआन फर्नांदेस लोपेस यांनी ती खणली आणि १८८५ मध्ये लोकांसाठी खुली केली. सेर्विलियाचं थडगं तर खांबांच्या चौकासह एखाद्या वाड्यासारखं आहे. ‘हत्तीचं थडगं’ हे नाव तिथे मिळालेल्या दगडी हत्तीवरून पडलं. विषुवदिनाच्या सुमारास खिडकीतून आत येणाऱ्या उन्हाचा माग काढून काही संशोधक ते मुळात मिथ्र या, रोमन काळी पूजल्या जाणाऱ्या देवाचं मंदिर असावं असं मानतात. सावली जवळजवळ नाही. टोपी आणि पाणी सोबत हवंच.

२०१९ मध्ये कार्मोनातल्या एका घराची दुरुस्ती चालू असताना जमिनीखाली न उघडलेली रोमन समाधी सापडली. तिच्यातल्या एका काचेच्या कलशात हाडांसोबत सुमारे पाच लिटर तांबूस द्रव होता. कोर्दोबा विद्यापीठाने तपासणी करून २०२४ मध्ये जाहीर केलं, की ती दोन हजार वर्षांपूर्वीची वाइन आहे, मुळात पांढरी. त्याच समाधीत स्फटिकाच्या कुपीत पॅचौली या सुगंधी पानांच्या वनस्पतीचं अत्तर मिळालं, आणि ती वनस्पती बहुधा भारतातून आलेली असावी. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा सुगंधाचा प्रवास मनात ठेवून पुढे चला.

आता पुएर्ता दे सेविया, म्हणजे सेवियाची वेस. इथे घाई करू नका. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजवाल्यांनी इ.स.पू. तिसऱ्या शतकात इथे बुरूज उभारला, रोमनांनी त्यावर बांधकाम वाढवलं आणि मुसलमान राज्यकर्त्यांनी पुढच्या बाजूला घोड्याच्या नालेच्या आकाराची कमान बसवली. दगड जवळून बघा: कडा तासून मध्यभाग फुगीर ठेवलेले मोठे चिरे जुने. दगड पिवळसर, मऊ, आणि नीट पाहिलं तर त्यात शिंपल्यांचे तुकडे दिसतात, कारण गाव ज्या डोंगरकड्यावर आहे तो समुद्रतळाच्या गाळाचा आहे. मऊ म्हणूनच तिथे थडगी सहज कोरता आली, आणि मऊ म्हणूनच भिंती पावसाने झिजल्या. वेशीच्या किल्ल्यावर जायची वाट पर्यटन कार्यालयातूनच आहे. वर पाण्याची टाकी आणि बुरूज आहेत.

‘संपूर्ण प्रांतातलं सर्वांत भक्कम शहर’ असं सीझरने कार्मोनाबद्दल लिहिलं, ते या वेशीशी उभं राहिलं की पटतं. कास्तील या ख्रिस्ती राज्याचा राजा फेर्नांदो तिसरा याने १२४७ मध्ये शहर घेतलं.

वेशीतून चढत सान फेर्नांदो चौक, तिथून सांता मारिया चर्च. चर्चपेक्षा त्याच्या संत्र्याच्या झाडांच्या अंगणात जास्त वेळ द्या. ते जुन्या मशिदीचं आहे. तिथल्या एका खांबावर व्हिसिगॉथ (रोमनांनंतर स्पेनवर राज्य करणारे जर्मानिक लोक) काळातलं, संतांच्या सणांचं कॅलेंडर कोरलेलं आहे. अक्षरं बारीक आहेत, ऊन तिरपं पडलं की ती वाचायला सोपी जातात. चर्च दुपारी बंद होण्याची शक्यता धरून चाला.

सर्वांत वर राजा पेद्रोचा अल्काझार, म्हणजे किल्लेवजा राजवाडा. १५०४ च्या भूकंपाने तो पाडला. त्याच्या आवारात १९७६ पासून सरकारी हॉटेल आहे. खोली न घेताही कॉफी घेऊन गच्चीवर बसता येतं, आणि खाली कोर्बोनेस नदीच्या मैदानाचा विस्तार दिसतो.

पूर्वेची कोर्दोबाची वेस पाहून तिथूनच माघारी फिरा. तिच्यापलीकडे जुना रोमन रस्ता उतरतो आणि खाली पाच कमानींचा पूल आहे, मोह होतो. पण परतीचा चढ उभा आहे आणि फरसबंदी गुळगुळीत. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला जातो, तेव्हा पुलाकडे सकाळीच उतरावं किंवा तो बेत सोडावा. रबरी तळाचे बूट घाला.