आमची वाटचाल : संत्र्याच्या रसापासून बिनअल्कोहोलच्या वाइनपर्यंत

हिंगणा एमआयडीसीतला आमचा कारखाना बाबांनी संत्र्याचा रस आटवण्यासाठी उभा केला. व्हॅक्यूममध्ये रस कमी तापमानाला आटतो, शिजल्याची चव लागत नाही. त्याच यंत्रावर वाइनमधलं अल्कोहोल काढता येईल, हे माझ्या डोक्यातलं. परवान्यांत बराच काळ गेला. मग नाशिकहून पांढरी वाइन आणली.

पहिली बॅच मे महिन्यात घेतली. अल्कोहोल एरवी ७८ अंशांना उकळतं, व्हॅक्यूममध्ये ३५च्या आसपासच निघू लागतं. १२ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणलं आणि चाखलं, तर नुसतं आंबट पाणी. बाबांच्या वेळचे आमचे जुने ऑपरेटर मोरीजवळ उभे होते. म्हणाले, "भाऊ, वास त अवघा मोरीत चालला न!"

खरंच होतं ते. केळ्यासारखा, सफरचंदासारखा वास देणारी एस्टर अल्कोहोलच्याही आधी उडतात. नागपूरच्या उन्हात कंडेन्सरचं, म्हणजे वाफ गार करून तिचा द्रव करणाऱ्या भागाचं, पाणीच कोमट, तिथे ती थांबणार कशी? शिवाय अल्कोहोल जिभेला गोडवा आणि भरीवपणा देतं. ते गेलं, वाइन दहाव्या हिश्श्याहून जास्त घटली, आणि आम्ल मात्र सगळं मागे राहिलं.

म्हणून ते पाणी गार करणारा चिलर घेतला. आता सुरुवातीची, सुगंधाची वाफ गार करून, तिचा द्रव वेगळा काढून ठेवतो, मग अल्कोहोल काढतो आणि शेवटी सुगंध परत घालतो. परदेशातले फिरत्या शंकूंचे मोठे स्तंभ हेच काम फार नेमकं करतात. ते आमच्या आवाक्याबाहेर. अडचण अशी, की त्या सुगंधात अल्कोहोलही असतं. सगळा घातला तर टक्का चढतो, म्हणून दर बॅचला किती घालायचा ते चाखूनच ठरवतो. साखर ओतून उणीव झाकायची नाही, यावर मी ठाम आहे.

लाल वाइनसाठी रिव्हर्स ऑस्मोसिस करून पाहिलं, म्हणजे वाइन दाबाने बारीक पडद्यातून गाळायची. उष्णता लागत नाही, रंग आणि तुरटपणा देणारं टॅनिन पडद्याआड राहतात. पाणी, अल्कोहोल आणि थोडा सुगंध पलीकडे जातो, पाणी परत भरावं लागतं. १४ टक्क्यांची १२वर आणली तेव्हा आमच्यातल्या कुणालाच फरक ओळखता आला नाही. शून्याजवळ नेली की तुरटपणा घशाला ओरखडतो. म्हणून बिनअल्कोहोलची लाल वाइन आम्ही अजून विकायला काढलेली नाही. पांढरी मात्र लग्नांच्या केटरर्सकडे जाते, आणि प्रत्येकाला आम्ही बजावून सांगतो : बर्फात गार करूनच वाढा.