शून्य पूर्णांक सहा

शाळेच्या स्मरणिका समितीने 'तुमचा यशाचा प्रवास लिहा' असं कळवलं. प्रवास अगदी सरळ आहे. दहावी 1988, मग एमबीबीएस, बालरोगात एमडी आणि गेली वीसेक वर्षं मुंबईत लहान मुलांच्या आयसीयूत. तिथे मुलांवर उपचार करतो आणि नव्या डॉक्टरांना तेच काम शिकवतो. एवढ्यावर पान भरणार नाही. मला लिहायचंय ते आठवी 'ब'मधल्या गणिताच्या तासाबद्दल.

बाई फळ्यावर गुणाकार लिहायच्या आणि म्हणायच्या, "पेन्सिली खाली. आधी अंदाज सांगा." समजा, 48 गुणिले 0.21. कोणी शंभर म्हणे, कोणी एक. मागच्या बाकावरून कुणी 'पन्नासचा पाचवा भाग, म्हणजे दहाच्या जवळपास' असं म्हटलं की बाईंचा चेहरा खुलायचा. आकडेमोड मागाहून. तेव्हा मग 100.8 असं उत्तर आलंच, तर दहाचा अंदाज लिहून ठेवलेल्या पोराला आपली चूक आपणच सापडायची. बाईंचा दुसरा कायदा: पूर्णांकाच्या जागी शून्य लिहिलं नाही तर अर्धा मार्क कापला. '.6' चालायचं नाही, '0.6' हवं. "टिंब एकटं सोडू नका रे, हरवतं!" शाळा सुटल्यावर या वाक्याची नक्कल करण्यात मीच पुढे असायचो.

ते टिंब एमडीच्या दुसऱ्या वर्षी हरवलं. रुग्णालय कुठलं ते राहू दे, चूक माझी होती. पहाटेचे तीन, सलग दुसऱ्या रात्रीची ड्युटी. ऑपरेशन होऊन आलेलं सहा किलोचं बाळ व्हेंटिलेटरवर. वेदनेसाठी मॉर्फिन द्यायचं, किलोला 0.1 मिलिग्रॅम. हिशोब मी बरोबर केला, पण केस पेपरवर घाईत '.6' लिहिलं आणि ते टिंब छापील रेघेत बुडालं. सिस्टर कागद घेऊन परत आल्या. "डॉक्टर, सहा? सहा तर आपण मोठ्या माणसाला देतो." त्यांनी गुणाकार केला नव्हता. एवढ्याशा जिवाला साधारण किती लागतं, याचा अंदाज त्यांच्या डोक्यात पक्का होता. बाळाला 0.6 मिळालं आणि यथावकाश ते घरी गेलं. मी मात्र ड्युटी रूममध्ये बराच वेळ नुसता बसून होतो.

मोठ्यांच्या पुष्कळ औषधांचे डोस ठरलेले असतात. आमच्याकडे एका खाटेवर तीन किलोचं तान्हं, तर शेजारी साठ किलोचा पंधरा वर्षांचा मुलगा. प्रत्येक थेंब वजनावर. त्यामुळे आमच्या कामातली सगळ्यात धोक्याची चूक दहापटीची. हृदय थांबल्यावर देतात ते अ‍ॅड्रेनालिनच घ्या. आपल्याकडच्या एका अँप्यूलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या कुपीत, 1 मिलीत 1 मिलिग्रॅम असतं. दहा किलोच्या मुलाला हवं 0.1 मिलिग्रॅम. म्हणून त्यात 9 मिली सलाईन मिसळायचं आणि त्यातलं 1 मिली द्यायचं. मिसळायचं राहिलं आणि तेच 1 मिली दिलं, तर डोस दसपट. आणि हे सगळं कुणीतरी छाती दाबत असताना, दाराबाहेर आई उभी असताना करायचं.

म्हणून माझ्याकडे एमडी होऊन आलेल्या डॉक्टरांनाही पहिले काही महिने मोबाइलमधलं कॅलक्युलेटर थेट उघडता येत नाही. आधी तोंडाने अंदाज, मग आकडेमोड, मग कागदावर शून्यासकट आकडा. ती पोरं याला 'बाईंचा रूल' म्हणतात. कोण बाई, हे त्यांना ठाऊक नाही. वजनाचंही तसंच. काटा गाठायला वेळ नसेल तर 'वय अधिक 4, गुणिले 2' असं एक सूत्र आहे. पाच वर्षांचं मूल, 18 किलो. पण आपल्या रायगडातल्या एखाद्या कातकरीवाडीतून आलेलं पाच वर्षांचं मूल उचलून बघा. सूत्र खोटं पडतं. दंड चाचपून अंदाज बांधायचा, हे मी त्यांना खाटेपाशी उभं करून शिकवतो.

अंदाज चुकतोही, आणि तो सगळ्यांचा मिळून चुकतो. शॉकमधल्या, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडलेल्या मुलाला भराभर सलाईन द्या, हे मी स्वतः वर्षानुवर्षं शिकवलं होतं. 2011 साली केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या तीन हजारांवर मुलांचा अभ्यास आला. तापाने आजारी, रक्ताभिसरण मंदावलेली मुलं. झटपट सलाईन दिलेल्यांतली जास्त दगावली होती. तिथे व्हेंटिलेटरची सोय नव्हती, आमच्याकडे आहे, हे खरं. तरी दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून 'माझ्या जुन्या वह्या जपून वाचा' असं सांगताना माझा घसा कोरडा पडला होता. त्यानंतर आमच्याकडे सलाईन थोडं थोडं देऊन पाणी जास्त तर झालं नाही ना, हे बघायला दर वेळी यकृत चाचपतात, छाती ऐकतात.

गेल्या दिवाळीत बाईंकडे गेलो होतो. ऐकू कमी येतं, बाकी खणखणीत. मॉर्फिनची गोष्ट पहिल्यांदाच सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, चकलीची बशी पुढे सरकवली आणि विचारलं, "तुझ्या हाताखाली किती डॉक्टर शिकून गेले?" मी बोटं मोजायला लागलो.

"मोजतोस काय? आधी अंदाज सांग."

"साठ," म्हणालो.

घरी येऊन जुनी हजेरी काढली. 43 भरले.