एवढा लांब भाला धरायचा तरी कसा?

प्राचीन ग्रीसबद्दल कुठेही बोलले, की शेवटी हा प्रश्न येतोच: "मॅसिडोनियाच्या सैनिकांचे भाले अठरा-वीस फुटांचे होते म्हणता, ते धरायचे तरी कसे? आणि इतके लांब करायची गरज काय पडली?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लांब भाला ग्रीकांना नवा नव्हता. होमरच्या 'इलियड' या महाकाव्यात ट्रॉयचा योद्धा हेक्टर याच्या हातात ११ हात लांबीचा भाला आहे. हे माप आपल्या आज्यांच्या मापासारखंच, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे साधारण दीड फूट. सांतोरिनी बेटावर अक्रोतिरीला राखेखालून निघालेल्या भित्तिचित्रातही उंचच उंच भाले घेतलेले योद्धे ओळीने निघालेले दिसतात, आणि ते चित्र साडेतीन हजार वर्षांहून जुनं आहे.

पुढे मात्र नगरराज्यांच्या काळात पायदळाचा भाला सात-आठ फुटांवरच थांबला. माझ्या मते याचं उत्तर भाल्यात नाही, ढालीत आहे. हॉप्लाइट, म्हणजे नगरराज्यांच्या जड पायदळातल्या सैनिकाची ढाल जवळजवळ तीन फूट व्यासाची, जड. डावा हात कोपरापर्यंत तिच्या पट्ट्यात अडकलेला. भाला पेलायला उरला एकटा उजवा हात, आणि एका हाताने पेलेल, मारता येईल, तेवढीच त्याची लांबी.

म्हणजे भाला वाढवायचा तर आधी डावा हात सुटायला हवा. अथेन्सचा सेनापती इफिक्रातिस याने इ.स.पू. ३७४च्या सुमारास सैनिकांना लहान ढाल दिली आणि भाल्याची लांबी दीडपट केली, असं ग्रीक इतिहासकार डायोडोरस लिहितो. खरी झेप घेतली ती ग्रीसच्या उत्तरेकडच्या मॅसिडोनियाच्या राजाने, दुसऱ्या फिलिपने. इ.स.पू. ३५९मध्ये तो सत्तेवर आला तेव्हा त्याचा भाऊ शेजारच्या इलिरियन लोकांशी लढताना चार हजार सैनिकांसह नुकताच मारला गेला होता. उरलेली माणसं बहुतेक शेतकरी आणि मेंढपाळ. काशाचं चिलखत, मोठी ढाल यांचा खर्च त्यांना कुठून झेपणार? फिलिपने त्यांना गळ्यात पट्ट्याने अडकवायची दोनेक फुटांची ढाल दिली आणि मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांत सारिसा, म्हणजे तोच लांब भाला दिला. गरीब माणसांचं सैन्य उभं करण्याची ही रीत मला त्याच्या सगळ्या विजयांपेक्षा मोठी वाटते.

सारिसाची लांबी आपल्याला एका वनस्पतिशास्त्रज्ञाकडून कळते, याचं मला फार अप्रूप आहे. अॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस एका झाडाची उंची सांगताना म्हणतो, १२ हात, सर्वांत लांब सारिसाएवढी. म्हणजे १८ फूट. तेवढा बांबू मी एकदा मैदानात धरून पाहिला. मध्यावर धरला तर अर्धी लांबी पाठीमागे वाया जाते, आणि शेवटाला धरला तर टोक सरळ मातीत जातं. म्हणून सारिसाच्या मागच्या टोकाला लोखंडी जड अणी असे. तिच्या वजनामुळे भाला बराच मागे धरूनही तोलता येई, आणि तीच अणी जमिनीत रोवताही येई.

इतिहासकार पॉलिबियसच्या काळापर्यंत लांबी १४ हातांवर गेली होती. त्यातले दहा हात पुढे निघत, त्यामुळे पहिल्या रांगेच्या पुढे पाच रांगांची टोकं एकावर एक यायची. मागच्या रांगा भाले तिरपे उंच धरत, वरून येणारे बाण-भाले त्यांत अडावेत म्हणून. एकट्याने हा भाला घेऊन काहीच करता येत नाही. उजवीकडे वळायचं तर शेजाऱ्यांनीही वळायला हवं.

रोमनांविरुद्धच्या पिड्नाच्या लढाईत, इ.स.पू. १६८मध्ये, हेच नडलं. ही भाल्यांची भिंत पाहून रोमन सेनापती एमिलियस पॉलस हादरला होता, पण उंचसखल जमिनीवर रांगांना फटी पडल्या आणि रोमन सैनिक त्यांतून आत घुसले. इतक्या जवळ सारिसा निरुपयोगी. ती टाकून मॅसिडोनियन सैनिकांनी छोट्या कट्यारी उपसल्या, आणि समोर रोमनांच्या लांबलचक ढाली होत्या.