नऊ ते दहा, पोरांचा तास

आमच्या मंडळाचं स्नेहसंमेलन दरवर्षी जानेवारीत होतं. दीपप्रज्वलन, अहवाल, दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार, पाहुण्यांचे ‘दोन शब्द’ हे सगळीकडे होतं तसंच आमच्याकडेही होतं, त्यावर शाई खर्च करत नाही. माझा जीव अडकलेला असतो नऊ ते दहा या तासात. दहानंतर लाऊडस्पीकर लावता येत नाही, त्यामुळे शेवटचा तास तोच, आणि तो पोरांचा, आता त्यांच्या रॅपचा.

आम्ही गिरणगावातले. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाचे कार्यक्रम माझ्या आजोबांनी मैदानात बसून ऐकलेले. १९८२ च्या संपानंतर डफ हळूहळू माळ्यावर गेला आणि पोरांच्या तासात सिनेमाच्या गाण्यांवरचे नाच आले. पुढे कधीतरी ढगळ टी-शर्ट घातलेली चार पोरं टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून डोक्यावर गरागरा फिरायला लागली. मधेच इंग्रजीत काहीतरी भराभर म्हणायची, म्हणजे रॅप, तेही नाकात. ज्येष्ठ हसले. ‘हे आपलं नाही’ असं आमच्या एका विश्वस्तांनी तेव्हा सुनावलं. २०२४ ला पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग, म्हणजे हाच डोक्यावर फिरायचा नाच, आलं, तेव्हा त्यांना ती बातमी मी मुद्दाम पाठवली. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

आपलं कसं नाही? ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये एका इमारतीच्या सामायिक हॉलमध्ये डीजे कूल हर्कनं गाणी वाजवली, तिथून हिप-हॉपची, म्हणजे या रॅपची आणि नाचाची, सुरुवात धरतात. तो कार्यक्रम ठरवला होता त्याच्या बहिणीनं, शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे जमावेत म्हणून. खाली हॉल, वर बिऱ्हाडं, दारात तिकीट. वर्गणीचा कार्यक्रमच की हा!

खरा बदल झाला तो भाषेत. २०१४ ला कुर्ल्याचा रॅपर नेझी यानं आयपॅडवर केलेलं ‘आफत’ हे गाणं आलं, पुढच्या वर्षी डिव्हाइन या दुसऱ्या रॅपरबरोबरचं ‘मेरे गली में’. त्यानंतरच्या जानेवारीत आमच्या पोरांच्या नाकातली इंग्रजी गेली ती गेलीच. हिंदी आली, तीही आपल्या नाक्यावरची, निम्मी मराठी मिसळलेली. २०१९ ला मुंबईच्या रॅपरांवरचा ‘गली बॉय’ लागला आणि पुढच्या संमेलनाला जिन्यापर्यंत गर्दी. आजवर न फिरकलेले लोक मोबाईल वर धरून उभे. त्यातले किती जण नंतर आले? मी दारात उभा असतो, मला तोंडं पाठ आहेत. आमची पोरं सिनेमाच्या आधीपासून बार्स, म्हणजे रॅपच्या ओळी, लिहीत होती, एवढं मात्र नोंदवून ठेवतो.

२०१९ लाच ‘स्वदेसी’ या मुंबईच्या रॅप ग्रुपच्या मुलांनी आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन आरेच्या जंगलासाठी ‘वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. ते ऐकून आमच्यातल्या दोघांनी अख्खं मराठीत लिहायला घेतलं. मग लॉकडाऊन. एका जानेवारीत हॉलला कुलूप आणि पोरांचा तास मोबाईलवर, एकाचा बीट दुसऱ्याच्या ओळीमागून धावत येणारा.

आता चाळीच्या जागी टॉवर उभा राहतोय. निम्मी बिऱ्हाडं विरार, बदलापूर, पनवेलला पांगली. पूर्वी पोरं रोज संध्याकाळी कठड्यावर बसून एकमेकांची यमकं खोडायची, आता ओळी ग्रुपवर येतात आणि अंगठे मिळवतात. त्यामुळे सगळे समोरासमोर गोल करून उभे राहतात, एक जण तोंडानं बीट धरतो आणि माईक हातोहात फिरतो, असा सायफर वर्षातून हा एकदाच. त्यात कुणीतरी आपल्याच माणसांवर बोलायला लागलं की माझं काही खरं नसतं. यंदा तिसऱ्या मजल्यावरच्यांची नात उभी राहिली. आमच्या सायफरमध्ये मुली आल्या त्या अलीकडेच. ती म्हणाली,

‘पहाटे पाचला नळ यायचा, चाळ जागी चारला,
आता पाणी चोवीस तास, हाक कुणाच्या दाराला?’

मागून ‘पुन्हा, पुन्हा’ झालं. विश्वस्त सत्काराची शाल घेऊन साडेआठलाच निघाले होते, त्यांचं त्यांनी गमावलं.

मदत करणाऱ्यांची नावं लिहिली की कुणीतरी राहतं आणि वर्षभर बोलणी बसतात, म्हणून खुणेनं सांगतो. दुसरा माईक आणि त्याची वायर फुकट देणारा साऊंडवाला दादा. पहिल्या मजल्यावरून विजेचं एक्स्टेंशन सोडणारे काका. आल्याचा चहा पुरवणाऱ्या दोघी जावा. बाईक हलवायला लावणारा वॉचमन. मागचं कापड रंगवणारा, स्वतः कधीच स्टेजवर न येणारा मुलगा. शेवटची लोकल चुकलेल्यांना झोपायला खोली देणाऱ्या मावशी. फोटो काढणारा पनवेलकर. खुर्च्या परत मोजून देणारे तिघे, नाही, चौघे, कारण त्यातला धाकटा खांबामागे होता आणि मागच्या अहवालात तो राहिलाच होता, त्याच्या आईनं मला ते गणपतीपर्यंत ऐकवलं. आणि हो, सतरंज्या कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेच्या. त्या अजून माझ्याच घरी आहेत, रविवारी दोघं जण या.