एकाचं काय करायचं?

लेकीची पाचवीची वही. ६० चे मूळ अवयव पाडायचे होते. तिने लिहिलं होतं, ६० = २ × २ × ३ × ५ × १. खाली लाल पेनाने शेरा: "१ लिहू नये." त्याच पानावर आणखी दोन ठिकाणी तोच शेरा. का लिहू नये, त्याचा पत्ता नाही.

"आई, गुणून बघ ना. साठच येतात. मग चुकलं कुठे?"

गुणून बघितलं. साठच आले.

बाकीचं सगळं सुरळीत झालं होतं, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. २ आणि ५ ची कसोटी तिला शेवटच्या अंकावरून येत होती. ३ साठी अंकांची बेरीज करायची, हे तर तिने गाड्यांच्या नंबरांवर घोटून घोटून माझं डोकं उठवलं होतं. अडलं ते या एकापाशी, आणि तिथे आम्ही दोघी चांगला आठवडाभर अडकलो.

शनिवारी पालकसभा होती. म्हटलं, सरांनाच विचारावं. बाकावर पाऊण तास बसले. नंबर आल्यावर उत्तर मिळालं, "मॅडम, १ मूळही नाही आणि संयुक्तही नाही. पाठच करून घ्या." मागे रांग होती, उठले. वहीतला शेराच मला तोंडी मिळाला होता. सरांचा राग आला हे खरं, पण घरी आल्यावर मीही काही वेगळं केलं नाही. तिने व्याख्या म्हणून दाखवली, "जिला १ ने आणि स्वतःनेच भाग जातो ती मूळ संख्या," आणि विचारलं, "१ ला १ ने भाग जातो. स्वतःनेही जातो. मग?" मी म्हणाले, "तसं नसतं." वर आवाजही चढवला. ती उठून गेली.

मुळात तो १ येतो कुठून, हे मला दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी गप्प बसल्यावर दिसलं. (गप्प बसणं मला जमत नाही, पण हा उपाय खरंच करून बघा. समजावून सांगण्याआधी दोन उदाहरणं नुसती बघत बसा.) उभी मांडणी करताना डावीकडे २, २, ३, ५ आणि उजवीकडे ६०, ३०, १५, ५, १. उत्तर लिहिताना ती डावी बाजू वरून खाली उतरवत यायची आणि शेवटी उजवीकडचा तळातला १ उचलायची. भागाकारात बाकी लिहितात तशी! म्हटलं, अवयव ते फक्त डावीकडचे, उजवीकडे असतं ते अजून फोडायचं राहिलेलं. १ आला म्हणजे फोडायला काही राहिलं नाही. हे तिला पटलं. वहीतली चूक तिथेच थांबली असती, पण बाईसाहेबांचा प्रश्न वेगळाच होता. १ मूळ का नाही?

मार्च असल्यामुळे सासूबाई चिंच फोडत बसल्या होत्या. मूठभर चिंचोके घेतले. खेळ असा की दिलेले सगळे चिंचोके सरळ ओळींत, प्रत्येक ओळीत सारखे, असे मांडायचे. ७ दिले. एक आडवी ओळ झाली, एक उभी झाली, तिसरी तऱ्हा जमेना. ९ च्या तीन तऱ्हा: आडवी, उभी आणि तीन-तीनचा चौकोन. १२ च्या सहा. मग २, ५, ११ दिले. दोनच, दोनच, दोनच. "ज्यांच्या बरोबर दोन तऱ्हा, त्या मूळ," असं मी सांगितलं आणि एकच चिंचोका पुढे सरकवला.

तिने तो आडवा ठेवला. उभा ठेवला. परत आडवा केला.

"हे तर एकच झालं."

शाळेतली व्याख्या अडते ती इथेच. 'दोन वेगवेगळे विभाजक', म्हणजे भाग जाणाऱ्या दोन वेगवेगळ्या संख्या, असं म्हटलं की १ आपोआप बाहेर पडतो, कारण त्याचा विभाजक एकच, तो स्वतः. वाक्यात हा एवढा शब्द वाढवायला किती शाई लागते?

अर्थात, बाहेर काढायचाच कशाला, हेही तिने विचारलं. त्यावर अवयवांचं झाड उपयोगी पडलं. ३६ च्या फांद्या ६ × ६ अशा फोडा नाहीतर ४ × ९ अशा, टोकाला पानं तीच येतात: २, २, ३, ३. कोणीही कसंही फोडलं तरी तीच. १ चालवून घेतला तर एक जण तो एकदा लिहील, दुसरी दहादा लिहील, आणि सगळ्यांचंच बरोबर. "मग सर पेपर कसे तपासणार?" हे मात्र तिला फार आवडलं.

तिचा प्रश्न खुळा नव्हता, हे मला नंतर वाचताना कळलं. १७४२ साली गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात १ मूळ धरलेला आहे. १९१४ मध्ये छापलेल्या, लेमर या गणितज्ञाच्या मूळ संख्यांच्या यादीतही पहिला आकडा १ आहे. इतक्या मोठ्या माणसांना जे चाललं, त्यासाठी दहा वर्षांच्या पोरीच्या वहीत तीन लाल शेरे.

जाता जाता, ९१ पासून सावध राहा. २, ३, ५ च्या कसोट्यांतून ती बेमालूम सुटते आणि मुलं तिला मूळ म्हणून मोकळी होतात. ती ७ × १३ आहे. आमच्याकडे चिंचोके पुरले म्हणून मांडूनही बघितली. १०० च्या आतल्या संख्येला २, ३, ५ आणि ७ एवढ्यांनीच भागून बघितलं तरी पुरतं, हे मी आधीच सांगायला हवं होतं. आणि सुरुवात १२ किंवा १८ पासून करा. मी हौसेने आधी ८४ दिली आणि तिचा सगळा वेळ भागाकारातच गेला.

गेल्या आठवड्यात वही परत आली. आता तिने उत्तरातला १ काढलाय, पण उभ्या मांडणीच्या तळाशी, १ च्या शेजारी, बारीक अक्षरात लिहिलंय, "फोडायचं संपलं." त्यावर लाल पेनाने प्रश्नचिन्ह.