बासरीवाला: शिसं निघालं आणि हंस उघडा पडला

मंडळी, बासरीवाल्याच्या, म्हणजे माझ्या त्या बैठकीवर उभ्या चांदीच्या पुतळीच्या, पायाखालचं शिसं एकदाचं निघालं. "हात लावू नकोस, आहे तसा राहू दे" असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बजावलं होतं. तरी मी हात घातला, आणि बरं झालं घातला. त्या करड्या गोळ्याखाली जे दडलं होतं त्यानं मागच्या महिन्यातला आपला "डुक्कर की हंस" वाद (पुतळीवरचा झिजलेला फ्रेंच सरकारी छाप कोणत्या प्राण्याचा, हा) तर मिटवलाच, वर बैठकीवरच्या त्या चिरेचं कोडंही सोडवलं.

सगळा वेळ खाल्ला तो शिशानं. कुणीतरी कधीतरी पुतळी बैठकीवर चिकटवताना साधं कथील-शिशाचं सोल्डर ओतलं होतं, तेही सढळ हातानं. चांदीच्या कामाला याच्याइतका मोठा शत्रू नाही. हे सोल्डर 183 अंशांच्या आसपास वितळतं, चांदीचं झाळण मात्र 600च्या वर. शिशाचा एक कण मागे राहिला आणि कुणी त्यावर झाळणाची ज्योत धरली, तर शिसं चांदीत उतरतं आणि पृष्ठभागाला खड्डे पाडतं. ते खड्डे कायमचे. म्हणून मोडलेली बासरी जोडून घ्यायला पुतळी कारागिराकडे देण्याआधी शिसं काढणं भागच होतं.

व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात बुडवून शिसं विरघळवतात, ती कृती मला माहीत आहे. राहत्या घरात मी ती करणार नाही, तुम्हीही करू नका. मी आधी खालची हिरवी बनात सोडवली. मग खिडक्या सताड उघडून, हातमोजे घालून, हॉट एअर गननं जेमतेम सोल्डर हलेल इतकीच ऊब दिली आणि इलेक्ट्रॉनिक्सवाले वापरतात ती तांब्याची विणलेली पट्टी टेकवून थोडं थोडं शोषून घेतलं. पट्टी चांगल्या कंपनीचीच घ्या, स्वस्तातली काहीच ओढत नाही. उरलेला पातळ थर भिंगाखाली बांबूच्या काडीनं आणि बोथट पात्यानं खरवडला. कंटाळवाणं काम आहे, पण घाई केली की ओरखडा चांदीवर उठतो.

पुतळी सुटली तशी डाव्या पायाचा तळवा दिसला. तिथे आधी कुणीतरी कानस मारली होती. कानशीच्या रेघा जिथे संपतात तिथे, अगदी कडेला, तीन आकडे: 8 अर्धा, मग दोन शून्यं पूर्ण. 800! म्हणजे हजारात 800 भाग चांदी.

आता वस्त्राच्या चुणीतल्या त्या झिजलेल्या छापाकडे परत गेले. यूएसबी मायक्रोस्कोपला मी रामराम ठोकला आहे. त्यात नुसती चकाकी दिसते, खोली दिसत नाही. दहापटीचं चांगलं ट्रिपलेट भिंग आणि बाजूनं आडवा धरलेला टॉर्च, बस्स. तरीही छाप वाचता येईना, तेव्हा काजळीचा उपाय केला. निरांजनाच्या ज्योतीवर क्षणभर छाप धरायचा, काजळी धरली की वरून पारदर्शक चिकटपट्टी हलक्या हातानं दाबायची, उचलायची आणि पांढऱ्या कागदावर लावायची. उंचवटे काळे, खोलगट भाग पांढरे उमटतात. काजळी कापसानं पुसली जाते, चांदीला इजा नाही. कागदावर लंबगोलाच्या आत बाकदार मान आणि खाली शरीराची गोलाई उमटली. रानडुकराच्या मुंडक्याला अशी मान असूच शकत नाही. हंसच आहे.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. डुक्कर असतं तर पॅरिसची छोट्या कामाची हमी ठरली असती, 1838 ते 1962 या काळातली. बैठकीवर मिनर्वा (देवीच्या मुंडक्याचा फ्रेंच सरकारी छाप) आणि सुट्या भागावर डुक्कर, असं एकाच वस्तूवर सर्रास सापडतं. हंस मात्र 1893 पासून मूळ ठाऊक नसलेल्या चांदीवर मारतात: लिलावात आलेली, किंवा ज्या देशांशी करार नव्हता तिथून आलेली. हंस एवढंच सांगतो की माल फ्रान्समध्ये विक्रीला आला आणि किमान 800चा आहे. कुठे घडला, कुणी घडवला, यावर तो गप्प. त्यात तळव्याला 800चे आकडे. फ्रेंच सरकारी छाप आकड्यांत कस लिहीत नाही, मिनर्वाच्या कपाळापुढचा 1 किंवा हनुवटीखालचा 2 हाच त्याचा कस. सहस्रांशात कस मारायची पद्धत 1888 पासून जर्मनीत होती, शेजारी मुकुट आणि चंद्रकोरीसह. कानस नेमकी तिथेच का फिरली असेल, हे सांगायला नको. इटलीतही 800 मारत, त्यामुळे मी अजून शपथ घेत नाही. पण अठराव्या शतकाचा थाट, जुन्या वेषातले गवळी आणि वादक, हा जर्मनीतल्या हानाऊ शहराच्या कारखान्यांचा आवडता माल होता. जुन्या फ्रेंच छापांची नक्कल करण्यातही ते वाकबगार.

मग कॅरेटमीटरनं, म्हणजे सराफाच्या कस मोजायच्या यंत्रानं, पुतळीवर 93 टक्क्यांच्या वर चांदी कशी दाखवली, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. ते यंत्र फक्त वरचा पापुद्रा वाचतं. आम्लात उकळून उजळलेल्या चांदीच्या पृष्ठभागावरून तांबं निघून जातं आणि वर जवळजवळ शुद्ध चांदीची साय उरते. मुलामा दिला असेल तरी तेच. ओतीव पुतळीच्या बाबतीत कॅरेटमीटरच्या आकड्यावर किंमत ठरवणं मला मान्य नाही, मग सराफ पुण्याचा असो की पॅरिसचा. विक्रेत्यानं मात्र याच आकड्याच्या जोरावर "पॅरिस, एकोणिसावं शतक" अशी चिठ्ठी जोडली होती. एका भागावरचा छाप दुसऱ्या भागाबद्दल काहीच सांगत नाही, हे आपण सगळ्यांनी दर वेळी आठवायला हवं.

आता बैठक. इथे मला खरा आनंद झाला. कडेवर मिनर्वा स्वच्छ आहे, अष्टकोनी चौकट, कपाळापुढे 1, म्हणजे 950. कड उलटी करून बघितली तर पाठीमागे बिगॉर्नच्या बारीक रेघा आहेत. ज्या ऐरणीवर वस्तू ठेवून छाप मारतात, तिच्यावर किडे कोरलेले असतात आणि घावाबरोबर ते मागच्या बाजूला उमटतात. ओतून केलेल्या नकली छापाला ही मागची बाजू साधत नाही. कारागिराच्या छापाच्या शंकरपाळी चौकटीतलं एक अक्षर पुसट आहे, दुसरं E किंवा F, मध्ये चिन्ह आहे पण गळून गेल्यासारखं.

आणि शिसं निघाल्यावर वरच्या पृष्ठभागावर आटे पाडलेलं एक भोक दिसलं, सोल्डरनं बुजवलेलं. त्याभोवती फिकट डाग, दोन पावलांचा आणि मागे झाडाच्या बुंध्यासारख्या गोलाचा. बासरीवाल्याची पावलं त्यात बसत नाहीत. म्हणजे इथे पूर्वी दुसरीच पुतळी स्क्रूनं बसवलेली होती! आणि मागची ती आडवी चीर, जिच्यावर आपण इतका काथ्याकूट केला, ती मेनूचं कार्ड उभं करायची खाच आहे. ही बैठक जेवणाच्या टेबलावरच्या मेनू-धारकाची आहे.

हे लिहिता लिहिता बेत बदलला. बासरी झाळून घ्यायचा विचार मी सोडते आहे. पुतळी आणि बैठक यांचं लग्न मोडायचं, दोन्ही वेगळ्या ठेवायच्या. बासरीवाल्याला साधी लाकडी बैठक, स्क्रूनं, कधीही काढता येईल अशी. आणि शोध आता बैठकीच्या भावंडांचा. मेनू-धारक संचानं बनत, त्यामुळे तीच नक्षी, तीच शंकरपाळी असलेला एखादा पूर्ण नग कुठेतरी असणारच, आणि त्यावर मूळची पुतळीही. पॅरिसच्या द्रुओ लिलावघराच्या याद्या आता मी "पुतळी" म्हणून न चाळता "मेनू-धारक" म्हणून चाळणार. त्या सदरात भाव कमी लागतात, कारण पुतळ्यांचे संग्राहक तिकडे फिरकत नाहीत.

जाता जाता: पॅरिसच्या वाँव्हच्या जुन्या बाजारात क्रिस्तोफ्ल कंपनीच्या गालिया मालातलं एक सुरी-टेकण मिळालं, शिल्पकार साँदोजच्या प्राण्यांपैकी ससा. छाप चौकोनात आहे, शंकरपाळीत नाही, म्हणजे मुलाम्याचंच, आणि तो माणूस त्याच भावात देत होता. असे प्रामाणिक विक्रेते सँ-तुआँच्या जुन्या बाजारापेक्षा वाँव्हला जास्त भेटतात, असं माझं मत. सशाला फक्त खडूची बारीक भुकटी, पाणी आणि कापूस. डिपच्या, म्हणजे चांदी उजळायच्या तयार द्रावणाच्या, बाटलीत काही बुडवू नका. खोलगट भागातला काळेपणा गेला की प्राण्याचा चेहराच जातो.

कुणाकडे 950चा मेनू-धारक असेल तर बैठकीच्या खालचा आणि मागचा फोटो टाका. भोक ते खाच हे अंतर मोजा: माझ्याकडे ते 14 मिलिमीटर आहे.