सहा चौकटी, तीन अक्षरं

डी.एल.एड. या शिक्षक पदविकेच्या आंतरवासितेतला, म्हणजे शाळेतल्या सरावातला, पाचवीचा मराठी पाठ. मी मागच्या बाकावर निरीक्षण वही उघडून बसलो होतो. छात्राध्यापिकेने ‘शब्द ओळखा’ हा खेळ लॅपटॉपवर बनवून टीव्हीला जोडला होता. पहिला शब्द ‘शिक्षक’, आणि पडद्यावर सहा चौकटी. मुलं सहा अक्षरी शब्द शोधू लागली. एकीने ‘क’ म्हटलं तर तिसरी आणि सहावी चौकट भरली. दुसऱ्या चौकटीत नंतर ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली एकटी वेलांटी आली. वर्ग हसला, छात्राध्यापिका गोंधळली.

चूक तिची नव्हती. संगणक ज्या पद्धतीने अक्षरं साठवतो त्या युनिकोडमध्ये हा शब्द श, वेलांटी, क, हलन्त, ष, क असा सहा घटकांत साठवला जातो; रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेला खेळ तेवढ्याच चौकटी मांडतो. यावर उपाय म्हणजे शब्द टाइप करून द्यायचाच नाही. ज्या खेळात पत्ते आपण भरतो तो घ्यायचा आणि ‘शि’, ‘क्ष’, ‘क’ असे तीन पत्ते करून क्रम लावायला सांगायचं. जोडाक्षर मग फुटत नाही.

पाठानंतरच्या चर्चेत बहुतेक छात्राध्यापकांचा अभिप्राय एकच: ‘मुलांचा सहभाग छान होता.’ हे वाक्य मला प्रत्येक निरीक्षण वहीत सापडतं, आणि त्यातून काहीच कळत नाही. वाचलं किती जणांनी? कहूट या ऑनलाइन प्रश्नमंजूषेवर आधी पाठ घेतलेल्या एकाने नेमका मुद्दा काढला. तिथे प्रश्नाला एरवी 20 सेकंद असतात आणि लवकर उत्तर देणाऱ्याला गुण जास्त. झटकन दाबलेल्या बरोबर उत्तराला जवळपास 1000, अगदी शेवटी दिलेल्याला सुमारे 500. अडखळत वाचणारं मूल दुसऱ्याच प्रश्नाला वाचणं सोडतं आणि रंग बघून बोट ठेवतं. त्या छात्राध्यापकाने वेळ 60 सेकंद केला, तरी घाई राहिलीच. गुण बंद केले तेव्हा कुठे मुलं ओळ पुन्हा वाचू लागली.

‘शाळेत फोन एकच, तोही माझा,’ दुसरी म्हणाली. तिच्यासाठी प्लिकर्स या अ‍ॅपची कागदी कार्डं बरी. प्रत्येक मुलाला वेगळ्या क्रमांकाचं कार्ड, चार बाजूंना चार पर्याय. हवी ती बाजू वर धरायची आणि शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा.

लगेच दहा मिनिटं करून पाहिलं. प्रश्न: ‘जेवण उत्तम झालं म्हणून पाहुण्यांनी कोणाचं कौतुक केलं?’ पर्यायांत ‘आचार्यांचं’ आणि ‘आचाऱ्यांचं’ दोन्ही. (इनस्क्रिप्ट कीबोर्डवर दुसऱ्या शब्दातल्या ‘ऱ्य’साठी शिफ्ट दाबून जे, मग हलन्त आणि य.) खिडकीकडची कार्डं फोन वाचेना. चकचकीत लॅमिनेशनवर ऊन पडत होतं, शिवाय दोघांची बोटं काळ्या नक्षीवर होती. खिडकी लावली, कार्ड कडेला धरायला सांगितलं, सगळी उत्तरं आली. निम्म्यांनी आचार्यांना स्वयंपाकाला लावलं होतं.